शून्य आणि रिकामी जागा

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी, जो आता स्वतःच आजोबा झाला आहे, हातात मोबाईल घेऊन आला. बसायच्या आधीच म्हणाला, "गुरुजी, हे बघा. परवा रात्रभर पाऊस कोसळत होता. नाल्याला पूर आला, माझ्या शेताचा बांध वाहून गेला. आणि इथे काय लिहिलंय?"

पडद्यावर आमच्या भागातल्या एका स्वयंचलित पर्जन्यमापकाचा तक्ता होता. तारीख बरोबर होती. तिच्यापुढे पावसाचा आकडा होता शून्य.

आता आमच्या अक्कलकुव्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, श्रावणात रात्रभर पाऊस पडला की सगळ्या गावाला माहीत असते. पण पीकविम्याचा किंवा नुकसानभरपाईचा प्रश्न आला की गावाला काय माहीत आहे त्याला किंमत नसते, तक्त्यात काय आहे त्याला असते. त्याचे म्हणणे एवढेच होते की, यंत्र खोटे कसे बोलते?

माझा एक भाचा पुण्यात अशीच छोटी बिनतारी यंत्रे बनवण्याच्या कामात आहे. त्याला फोन केला. दोन दिवसांनी त्याने चौकशी करून सांगितले, "मामा, यंत्र खोटं बोललं नाही. त्या रात्री त्याचा निरोपच आला नव्हता, बहुतेक बॅटरी उतरली असेल. पण ज्या प्रोग्रॅमने तक्ता भरला, त्याने रिकाम्या जागी शून्य घालून टाकलं." पुढे तो आकडा दुरुस्त झाला, म्हणून कोणाचे नाव घेत नाही.

पण ही चूक माझ्या फार ओळखीची निघाली. शाळेत गुणपत्रके भरताना मी नव्या शिक्षकांना पहिली गोष्ट हीच सांगत असे, की शून्य आणि गैरहजर यांत गल्लत करू नका. आमच्याकडची कितीतरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. परीक्षेला मूल नसते, रकाना रिकामा राहतो आणि घाईत कोणीतरी तिथे ० लिहितो. मग जे मूल परीक्षेला बसलेच नाही, ते कागदावर 'ढ' ठरते. एका अक्षराची बचत, आणि त्या पोराचे वर्ष गेले!

भाच्याशी या विषयावर बरेच बोलणे झाले आणि मग मी थोडे वाचनही केले. तेव्हा लक्षात आले की, थोडक्यात निरोप पाठवायचा हा उद्योग यंत्रांच्या फार आधीपासूनचा आहे आणि त्यातला खरा पेच दर वेळी हाच आहे. काय गाळायचे हे ठरवणे सोपे असते. गाळलेल्या जागेचा अर्थ काय, हे दोन्हीकडच्या माणसांत आधी ठरलेले असणे अवघड असते. त्याचीच ही हकीकत.

आपल्याकडे ही गोष्ट तारेपासून सुरू होते. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या विल्यम ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. १८५१ पर्यंत कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाइन चालू झाली आणि १८५५ च्या फेब्रुवारीत तार सामान्य लोकांना खुली झाली. मोर्सची लिपी तर मुळातच काटकसरीची. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या 'ई' या अक्षराला फक्त एक टिंब, आणि क्वचित येणाऱ्या 'क्यू'ला रेघ, रेघ, टिंब, रेघ. जे वारंवार सांगावे लागते ते छोटे, जे क्वचित ते लांब. हे तत्त्व आजही जसेच्या तसे वापरतात, त्याबद्दल पुढे येईलच.

तारेचे पैसे शब्दांवर, त्यामुळे सारा देश शब्द मोजायला शिकला. शुभेच्छांसाठी तर तारखात्याने वाक्यांना क्रमांकच देऊन टाकले होते. १ म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, २ म्हणजे ईद मुबारक, ८ म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक आयुष्यासाठी शुभेच्छा. इकडून नुसता ८ जायचा, तिकडच्या तारघरात यादी बघून पूर्ण वाक्य लिहिले जायचे आणि लग्नघरी ते पोचायचे. ही करामत शक्य होती, कारण तीच यादी दोन्ही टोकांना भिंतीवर टांगलेली होती. तारेतून जात होता तो नुसता आकडा. अर्थ आधीच तिकडे जाऊन बसलेला होता.

पण लोकांनी आपल्या आपण एक दुसरी यादी तयार केली होती, जी कुठल्याच भिंतीवर नव्हती. माझ्या वयाच्या वाचकांना ती आठवत असेल. 'सीरियस' म्हणजे गेले. मृत्यूची बातमी तारेत सरळ लिहायची नाही, वाचणाऱ्याला एकदम धक्का बसू नये, तो प्रवासात कोसळू नये, म्हणून 'सीरियस' लिहायचे, असा रिवाज होता. सगळ्यांना तो माहीत होता, त्यामुळे धक्का बसायचा तो बसायचाच.

१९७९ साली मी इथे नोकरीला होतो. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता (तो १ जुलै १९९८ ला झाला), अक्कलकुवा धुळे जिल्ह्यात होते. एका दुपारी शाळेत तार आली. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, केली होती. माझे शिक्षण सगळे मराठीतले, इंग्रजी यथातथाच, पण या चार शब्दांना डिक्शनरी लागत नव्हती. मी समजायचे ते समजलो. नाना गेले.

तिथेच चुकलो. नाना गेले असे मनाने धरल्यावर घाई कशाची उरली? तार पोचायलाच दिवस गेला असेल, अंत्यविधी उरकलाही असेल, आता जायचे ते दहाव्या-तेराव्याच्या तयारीने. मी रजेचा अर्ज दिला, वर्ग दुसऱ्यांच्या स्वाधीन केले, पैशाची जुळवाजुळव केली, बायको-मुलाचे सामान बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तळोद्यावरून नंदुरबार गाठले आणि तिथून रेल्वेने अमळनेर. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नाना त्याच दिवशी पहाटे गेले होते. रात्री दोनदा त्यांनी विचारले होते, "कुठवर आलाय तो?"

दादाने खरे तेच लिहिले होते. सीरियस म्हणजे अत्यवस्थ. मी रिवाजाने वाचले. त्या दुपारी नुसती पिशवी उचलून निघालो असतो तर भेट झाली असती. दादा एकदाच म्हणाला, "मी सीरियस लिहिलं होतं ना रे." त्यावर आम्ही दोघे पुन्हा कधी बोललो नाही. दादाही आता नाही. १४ जुलै २०१३ हा तारसेवेचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी तारघरांपुढे आठवण म्हणून तारा करणाऱ्यांच्या रांगा टीव्हीवर दाखवत होते. मी टीव्ही बंद केला.

असो. सांगायचा मुद्दा असा की, एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि कोणता घ्यायचा याची खूण नाही, असे झाले की निरोप छोटा राहतो पण निरोप राहत नाही.

हा पेच ज्यांनी नीट सोडवला, त्या लोकांची गोष्ट मला अलीकडे कळली. ते म्हणजे हवामानखात्याचे लोक. वादळापेक्षा तार वेगाने धावते, म्हणून वादळाची बातमी वादळाच्या आधी पोचवता येते, हा हवामानशास्त्राचा पायाच तारेने घातला. १८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झाले, १८६६ आणि १८७१ ला पावसाने दगा दिला, दुष्काळ पडले आणि मग १८७५ मध्ये भारतीय हवामानखाते स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय आधी कलकत्त्याला, १९०५ पासून सिमल्याला आणि १९२८ मध्ये पुण्याला आले. पुण्याच्या शिवाजीनगरात त्या इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात ते यामुळे. बसने जाताना मी कितीदा ते नाव ऐकले, पण पुण्यात सिमला कुठून आला असा प्रश्न कधी पडला नव्हता! १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पुण्याचे काम चालूच राहिले.

गावोगावच्या वेधशाळांतून रोज तारेने निरोप यायचा. ढग किती, वारा कुठला, तापमान, दाब, पाऊस. हे सगळे शब्दांत लिहिले तर पानभर व्हायचे. म्हणून साऱ्या जगाने मिळून पाच-पाच अंकांच्या गटांची एक भाषा ठरवली. पाचच का? आंतरराष्ट्रीय तारेच्या हिशेबात पाच आकडे मिळून एक शब्द धरला जायचा, त्यात ही रचना नेमकी बसते. नंतर तार जाऊन टेलिप्रिंटर आले, संगणक आले, तरी पाचाचे गट राहिले.

भाच्याने मला एक निरोप उलगडून दाखवला. सुरुवातीला ४३०६३ असे असेल तर हे पुणे. मुंबईच्या कुलाब्याला ४३०५७. पुढे १०२८४ असा गट आला तर पहिला १ म्हणजे 'आता तापमान सांगतो', त्यानंतरचा ० म्हणजे शून्याच्या वर (उणे असेल तर तिथे १), आणि २८४ म्हणजे २८.४ अंश. दशांशचिन्ह लिहायचेच नाही, ते कुठे आहे हे ठरलेले आहे. ४००५६ म्हणजे हवेचा दाब १००५.६. हजाराचा आकडा गाळून टाकला, कारण समुद्रसपाटीचा दाब हजाराच्या आसपासच असतो, हे ऐकणाऱ्याला माहीत आहे. मला हे वाचताना आमच्या आजीची आठवण झाली. ती दाणेवाल्याला 'नेहमीचं दे' एवढेच म्हणायची आणि पाच जिन्नस बरोबर यायचे.

आणि आता पाऊस. पावसाचा गट ६ ने सुरू होतो, पुढचे तीन अंक म्हणजे मिलिमीटर. ०७३ म्हणजे ७३. पाऊस नसेल तर हा गट पाठवायचाच नाही, तेवढीच बचत. पण मग प्रश्न आला. गट नाही, म्हणजे पाऊस पडला नाही, की कोणी मोजलाच नाही? या लोकांनी त्यासाठी निरोपाच्या सुरुवातीलाच एक अंक राखून ठेवला आहे. तिथे १ असेल तर पावसाचा गट पुढे येतो आहे. ३ असेल तर गट गाळला आहे, कारण पाऊस शून्य. ४ असेल तर गट गाळला आहे, कारण माहिती उपलब्ध नाही.

हे कळले तेव्हा मी भाच्याला पुन्हा वाचायला लावले. तीन आणि चार! नाही, आणि माहीत नाही. ज्यांनी एकेका आकड्याची कंजुषी केली, हजाराचा आकडा गाळला, दशांशाचे टिंब गाळले, त्यांनी इथे मात्र एक अख्खा अंक खर्च केला. एवढेच नव्हे, तर नोंद घेण्याइतकाही नाही पण चार थेंब पडले, असे असेल तर त्यालाही वेगळा आकडा आहे, ९९०. कोणाला वाटेल, चार थेंबांसाठी काय एवढे? पण पेरणी केलेल्या माणसाला 'काही नाही' आणि 'शिंतोडे आले' यांतला फरक विचारून बघा.

आता यंत्रांकडे येतो. स्वयंचलित पर्जन्यमापकात तराजूसारख्या दोन छोट्या पळ्या असतात. वरच्या नरसाळ्यातून पाणी एका पळीत पडते, ती भरली की कलंडते आणि दुसरी वर येते. यंत्राप्रमाणे ०.२ किंवा ०.५ मिमी पावसाला एक कलंडणे. प्रत्येक वेळी एक बटण दाबल्यासारखे होते आणि आतली इवलीशी चकती मोजत राहते. अशी यंत्रे डोंगरात, धरणावर, शेतात, जिथे वीज नाही तिथे उभी करतात. हवामानखात्याची स्वयंचलित केंद्रे उपग्रहामार्फत निरोप पाठवतात आणि ते उतरवून घेण्याची सोय पुण्यात केली गेली. २००२ च्या सप्टेंबरात सोडलेला आणि पुढे कल्पना चावलाचे नाव दिलेला 'कल्पना-१' हा उपग्रह असे निरोप पुढे पोचवायचे काम करत असे. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पातून तर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त हवामान केंद्रे उभी राहिली.

या यंत्रांची गरिबी तुम्हांला सांगतो. विद्यार्थी प्रयोगासाठी वापरतात त्या 'अर्दुइनो उनो' पाटीची कामाची स्मृती २०४८ बाइट असते. एक देवनागरी अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे तिथे माझ्या या लेखाचा एखादा मोठा परिच्छेद जेमतेम मावेल. शिवाय हिशेब करायला बॅटरी थोडी लागते, निरोप हवेत फेकायला पुष्कळ. 'लोरावॅन' नावाची एक बिनतारी पद्धत आहे. तिच्यात लांबवर पोचायचे तर सर्वांत मंद गतीत एका निरोपाला ५१ बाइट मिळतात. 'अक्कलकुवा' हे नाव देवनागरीत लिहिले तर त्याचेच २७ होतात (काना, उकार आणि जोडाक्षराचा हलन्तही मोजावा लागतो). गावाचे नाव सांगण्यातच निम्मा निरोप संपला! म्हणून तिथेही तारघरासारखेच. गावाला क्रमांक आणि यादी दुसऱ्या टोकाला.

अशा यंत्रांसाठी निरोप बांधायच्या ठरलेल्या पद्धती आहेत. त्यांतली एक 'सीबोर', २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात ० ते २३ हे आकडे एका बाइटमध्ये मावतात आणि २८४ ला तीन बाइट लागतात. छोट्याला छोटी जागा, मोठ्याला मोठी. मोर्सचे एक टिंबच पुन्हा. याहूनही काटकसर करायची तर बिट मोजतात. भाच्याने मला उदाहरण दिले. तापमान उणे ४० पासून ६० पर्यंत, दशांशाच्या टप्प्याने मोजायचे तर १००१ वेगवेगळे आकडे होतात. दहा बिटांत १०२४ मावतात. उरले २३. मी विचारले, "ते वाया?" तो म्हणाला, "नाही मामा, त्यातला शेवटचा राखून ठेवायचा, माहीत नाही म्हणायला."

हवामानखात्यांची जी नवी संगणकी भाषा आहे, बफर नावाची, तिच्यातही असेच ठरलेले आहे. एखादी नोंद नसेल तर त्या जागेचे सगळे बिट १ करायचे. म्हणजे मोजून शून्य आले तर त्याची खूण वेगळी, आणि सगळे एक असतील तर मोजलेच नाही. सीबोरमध्ये तर 'मुद्दाम रिकामे' आणि 'ठरलेलेच नाही' यांनाही दोन वेगळ्या खुणा आहेत.

म्हणजे यंत्राच्या निरोपात सोय होती, दीडशे वर्षांच्या अनुभवाने केलेली. आमच्या तक्त्यात ती शेवटच्या पायरीवर हरवली. कोणाला तरी रिकामा रकाना बघवला नाही. आणि हेही खरे की पळीच्या नरसाळ्यात पाला अडकला तर यंत्र प्रामाणिकपणे शून्यच पाठवेल. आपल्याला माहीत नाही हेच त्याला माहीत नसेल. त्याला उपाय निरोपाच्या भाषेत नाही. महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन नरसाळे पुसायला हवे.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला जमेल तसे सांगितले. बिट-बाइट सोडून दिले, तीन आणि चारची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग गुरुजी, माहीत नव्हतं तर तसंच लिहायचं ना. आम्ही विचारायला गेलो असतो."

मी गप्प बसलो. चौकशी करायची तर आधी आपल्याला माहीत नाही हे कळावे लागते. त्या दुपारी, १९७९ साली, मीही धावत डाकघरात जाऊन उलट तार करू शकलो असतो. पण माझ्या लेखी रकाना भरलेला होता.

त्यानंतर मी एक साधे पर्जन्यमापक आणून गच्चीवर ठेवले आहे. हवामानखात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला पाणी मोजतो आणि वहीत लिहितो. पाऊस नसेल तर शून्य. चार थेंब असतील तर 'शिंतोडे'. आणि ज्या दिवशी मी गावाला गेलेलो असतो, त्या तारखेपुढे आडवी रेघ. सौ. म्हणते, शेजाऱ्यांना विचारून भरून टाका की. मी रेघ तशीच ठेवतो.